कारणाचा रकाना

शिरूर, १२ जून २००३

राबिया आपा,

सलाम. आधी माफी मागती. सुद्धलेखन माझं कसं हाय ते तुला म्हाईत हाय, आन् टायपिंग मी कोंबडीनं दाणं टिपावं तशी करती. एक बोट, एक अक्षर. हे पान दुपारी बाराला मशीनवर चढवलं, आता चार वाजायला आलं. ह्या मशीनचा ळ तुटलेला हाय. जिथं ळ दिसंल तिथं जागा सोडून तो मी मागनं पेनानं काढलाय.

मशीन माझं न्हाई. बबनराव सरांच्या टायपिंग क्लासात मी झाडू मारती आन् मशीनी पुसती. दुपारी क्लास बंद असतो. सर म्हनले, "ते कोपऱ्यातलं बडव पाहिजे तर. ते आता आणखी काय बिघडनार." मी मान हलवली. परक्या मानसापुढं तोंडानं मला बोलता येत न्हाई हे तुला म्हाईत हाय. बोटानं येतं, हे मला आता कळलं. घरात आपुन दखनी बोलतो, पन लिवायला येती ती मराठीच, म्हनून मराठीतच ऐक.

तुझा छापील कागद पोचला. डी.एड.च्या प्रकल्पाला तुला एक 'गळती झालेली मुलगी' पाहिजे म्हनं. अम्मीला वाचून दाखवलं. अम्मी म्हनली, "गळती तर नळाला असती." मी म्हनलं व्हय, पन नळाला कुनी कागद धाडून इचारत न्हाई, बाबा तू का गळलास.

तरी उत्तरं देती. नाव सबा. वय सोळा. शिक्षण सातवी, दिवाळीपर्यंत. वडील न्हाईत. आई गुलशन, मार्केट यार्डात कांदा निवडती. घरात पुस्तकं किती? रेशनकार्ड धरून एक. 'शिक्षणाने स्त्रीच्या जीवनात कोणता बदल घडतो?' ती दुसऱ्या बाईला परश्न छापून पाठवती.

'शाळा सोडण्याचे कारण' ह्याच्यावर मी अडकले. रकाना माझ्या अंगठ्यायेवढा हाय. मुमानीचा, म्हंजी तुझ्या अम्मीचा, पाय मोडला, तू दहावीला होतीस, भाकरीला कुनी नव्हतं, इनुस मामू मला चार महिन्यांसाठी दौंडला घेऊन आले, आन् ते चार महिने तुझी बारावी होस्तोवर सरले न्हाईत. येवढं त्यात बसत न्हाई. तू सांग काय लिवू.

आता माझा एक परश्न. मला दहावी द्यायची हाय. रांजणगावच्या एका कंपनीत गेटावर गाड्यांच्या नोंदी टाईप करायला पोरगी लागनार हाय, पुढल्या वर्षी. सरांनी माझं नाव सांगितलं. पन दहावी पास पाहिजे. अम्मीच्या हाताला आता चहा दिला तरी कांद्याचा वास येतो, तिचं यार्ड सोडवून मला तिला घरी बसवायची हाय. बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म असतो म्हनं. त्याला काय लागतं? तू शिकलेली हायस.

सबा

*

दौंड, २० जून २००३

प्रिय सबास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सोबत परत पाठवत आहे. लाल शाईने बेचाळीस चुका दाखवल्या आहेत. 'परश्न' नव्हे, प्रश्न. 'आन्' नव्हे, आणि. 'हाय' हे तर आम्ही पाठ घेताना पहिलीच्या मुलांनाही म्हणू देत नाही. टायपिंग केले म्हणजे भाषा शुद्ध होत नाही, फक्त चुका ठळक दिसतात.

प्रश्नावलीत चेष्टा करायची नसते. तुझी उत्तरे मी नीट करून लिहिली. आपले नाते, दौंड, माझ्या अम्मीचा पाय यातले काही घेतलेले नाही. मॅडमना नात्यातली मुलगी चालत नाही. शिवाय ते कारण यादीतही नाही. यादीत गरिबी, शाळेचे अंतर, पालकांचे अज्ञान एवढीच कारणे आहेत. मी 'पालकांचे अज्ञान' लिहिले आहे. गुलशन फुफीला सांगू नकोस, तिला कळणार नाही.

दहावीबद्दल. सबा, दहावी म्हणजे मशीन पुसणे नव्हे. बीजगणित असते, भूमिती असते. तुला सतराचा पाढा येत नव्हता, म्हणे सतरा नंबरचा फॉर्म! त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि ३१ जुलै शेवटची तारीख आहे. दाखल्यासाठी खिडकीवर उभे राहून माणसाशी बोलावे लागते. तू बोलणार? माझे ऐकशील तर त्या दाखल्याच्या भानगडीत पडूच नकोस. शिवण शीक. शिवणाला दाखला लागत नाही.

केडगावला वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय 'स्त्री शिकली, दारिद्र्य हटले'. मी भाग घेतला आहे.

तुझी,
राबिया

*

शिरूर, ५ जुलै २००३

राबिया आपा,

लाल शाई पाहिली. अम्मीनं इचारलं, "कागदाला काय जखम झाली का?"

दाखल्याला गेले. खिडकीम्होरं दोन तास उभी होते. मागनं येईल त्याला म्होरं जाऊ दिलं. शेवटी कुनी उरलंच न्हाई, तवा हौसराव क्लार्कनीच मान बाहेर काढली.

"कुनाची गं तू? खांब हायस का मानूस?"

मी चिठ्ठी दिली. क्लासातनंच टाईप करून नेली होती, मला दाखला पाहिजे, सबा, सातवी ब, १९९९. ते हसले. रजिस्टर काढलं, बोट फिरवलं, आन् माझ्याकडं बघितलं. मंग परत रजिस्टरात बघितलं.

"सासर कुठलं?"

मी गप.

"अगं, दिलं कुठं तुला? न्हावऱ्याला का नगरला?"

मला वाटलं दुसऱ्या कुनाला इचारत्यात.

त्यांनी दाखला लिवला, शिक्का मारला, दिला. मी बाहेर पिंपळाखाली येऊन वाचला. 'शाळा सोडण्याचे कारण: विवाह.'

आपा, माझं लगीन झालंय. चार वर्षं झाली. मला कुनी सांगितलंच न्हाई.

तसाच कागद घेऊन सतरा नंबर घेत्यात त्या शाळेत गेले. तिथली बाई म्हनली, "विवाहित ना? मग नवऱ्याचं नाव लाव, लग्नाचा पुरावा आण." मी मान हलवली. "म्हणजे विवाहित नाहीस? मग दाखला खोटा?" मी परत मान हलवली. ती म्हनली, "दोन्हीला मान हलवू नकोस. शाळेतनं दुरुस्ती करून आण, ३१ तारखेच्या आत. नाहीतर पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षी गेटावर दुसरी पोरगी बसलेली आसंल.

शाळेत नाव काढायला मामूच गेले होते. मामूंना इचार, हे कुनी सांगितलं. येवढं काम कर. तू बोलनारी हायस, बक्षिसं घेतीस बोलायची.

आन् अम्मीचं अज्ञान तू लिवलंस ते मी अम्मीला सांगितलं. तिला कळलं. ती म्हनली, "बरोबर हाय. अज्ञान नसतं तर भावाच्या घरी पोरगी धाडली असती का?"

सबा

*

दौंड, ११ जुलै २००३

प्रिय सबास,

अब्बांना विचारले. त्यांना आठवत नाही. रेल्वे लाईनवर गँगमध्ये दिवसभर उन्हात काम करणाऱ्या माणसाला चार वर्षांपूर्वीचे काय आठवणार? कारकुनाची चूक असेल. अशा चुका होतात. जुनी मढी उकरू नयेत.

आणि खरे सांगू? लग्न तुझे आज ना उद्या व्हायचेच आहे. रकान्यात आधी लिहिले गेले, एवढाच फरक. तू उगाच त्याचे भांडवल करतेस. शिकायची खरी तळमळ असती तर त्या दोन वर्षांत माझी पुस्तके घरात पडलेली होती, ती उघडून बघितली असतीस.

केडगावला माझा पहिला क्रमांक आला. ढाल मिळाली. मी बोलले, "अज्ञानाच्या अंधारात चाचपडणारी एक मुलगी मी जवळून पाहिली आहे." एवढ्या टाळ्या पडल्या की पुढचे वाक्य दोनदा म्हणावे लागले. एक बाई तर रडल्या. नाव अर्थात घेतले नाही.

प्रकल्पही मॅडमना आवडला आहे. आता पाठ सुरू आहेत, पत्र लिहायला वेळ नाही.

तुझी,
राबिया

*

शिरूर, १९ जुलै २००३

राबिया,

आपा लिवायचं सोडलं, ती टायपिंगची चूक न्हाई. लाल पेनानं गोल करू नको.

काल अम्मीला घेऊन शाळेत गेले. अम्मी कांदा निवडायचं सोडून आली, यार्डातल्या रंगुबाईला सोबत आनली, सोबतीला न्हाई, आवाजाला. रंगुबाईनं खिडकीत त्वांड घातलं. "ओ हौसराव भाऊ, हिच्या पोरीचं लगीन तुमी लावलं व्हय? आन् आईलाच जेवाया बोलवलं न्हाई?"

हौसराव म्हनले, "बाई, मी मनानं काय लिहीत नाही. अर्ज असतो तसं लिहितो."

"बारा वर्साच्या पोरीचं लगीन लिवताना तुमाला काय वाटलं न्हाई?"

त्यांनी चष्मा पुसला. मंग हळूच म्हनले, "आता खरं सांगतो, राग धरू नका. वाटलं, ह्यांच्यात लवकर करत्यात. म्हनून इचारलं न्हाई."

अम्मी पदराच्या टोकाला आंगठा पुसत राहिली, कांद्याचं पान चिकटल्यावानी.

मंग त्यांनी जुनी फाईल काढली. दोरी सोडली. कागदाला वाळवी लागली होती, पन अर्ज शाबूत होता. 'माझी भाची सबा हिचा विवाह झाला असल्यामुळे व ती कायमची सासरी राहणार असल्यामुळे तिचे नाव शाळेतून कमी करावे, ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक.' खाली मामूंची सही. ती मला म्हाईत हाय. पगाराच्या कागदावर करत्यात ती, तीन अक्षरं, तिरकी. तेवढीच त्यांना येत्यात.

बाकीचा कागद मामूंचा न्हाई.

राबिया, सहा महिने झालं मी त्या तुटक्या मशीनवर टाईप करती. पानापानाला ळ ची जागा सोडती आन् मागनं पेनानं काढती. तुला म्हाईत हाय का मी तो कसा काढती? दोन गाठी, आन् दुसऱ्या गाठीला शेपूट, मांजरानं वर केल्यावानी. तो मला तू शिकवलास. दौंडला मी 'शाला' म्हनायचे तवा तू हसायचीस, "ल नव्हे, ळ, ळ", आन् माझ्या पीठभरल्या बोटानं परातीत काढून घ्यायचीस. असा ळ सगळ्या जिल्ह्यात दुसरा कुनी काढत न्हाई.

अर्जात 'मुळे' दोनदा हाय, 'शाळेतून' येकदा. तिन्हीला शेपूट हाय.

मी लाल पेन घेऊन गेले होते, तुझ्यासारखं गोल करायला. सगळा अर्ज वाचला. येक बी चूक न्हाई. र्‍हस्व तिथं र्‍हस्व, दीर्घ तिथं दीर्घ. पेन तसंच परत आनलं.

तुझी पुस्तकं मी उघडून बघितली न्हाईत म्हनतीस. भाकरी थापताना कशानं उघडू, पायानं? आन् अंधारात चाचपडनारी पोरगी तू जवळून पाहिलीस म्हनं. लाईट गेल्यावर तुझ्या वहीवर कंदील कुनी धरला हुता? त्या रडनाऱ्या बाईला हे सांगितलंस का? अंधारात तू हुतीस. मी कंदिलामागं हुते.

हौसराव म्हनले, "ज्यांनी अर्ज दिला त्यांनी हेडमास्तरांपुढं येऊन लेखी दिलं, तर दाखला बदलतो." तीस तारखेपर्यंत ये. मामूंना घेऊन ये. ढाल आनली न्हाईस तरी चालंल.

तुझ्या छापील कागदावर मी आता कारण भरलंय. आत बसलं. 'दहावीची परीक्षा. माझी न्हाई.' सोबत धाडती. मॅडमला दाखव.

सबा

*

दौंड, २४ जुलै २००३

सबा,

हो. मी लिहिलं.

अब्बांनी सांगितलं होतं, चार महिन्यांची रजा लिही. तुझे मास्तर सारखे कोणाच्यातरी हाती निरोप धाडत होते, पोरगी कुठंय, हुशार आहे, पाठवा. मला वाटलं रजा लिहिली तर चार महिन्यांनी ते तुला न्यायला येतील, आणि अम्मीचा पाय तर उभा राहीना. घरकाम लिहिलं असतं तर चौकशी झाली असती. विवाह लिहिलं तर कोणी काही विचारणार नाही, हे मला माहीत होतं. आपल्याबद्दल त्या लोकांना जे वाटतं तेच मी लिहून दिलं. म्हणूनच ते एका फटक्यात खरं धरलं गेलं. अब्बांना मी वाचून दाखवलं तेव्हा रजा असंच वाचलं. त्यांनी सही केली.

मी पंधरा वर्षांची होते. गणितात पडले असते तर मलाही चुलीपुढे बसवणार होते. दोघींपैकी एकच जाणार होती. आणि तू कधी रडली न्हाईस. एकदा जरी रडली असतीस तर. तू गप बसायचीस, मला वाटायचं हिला आवडतंय.

२९ ला पाठाची परीक्षा हाय. मॅडम रजा देणार न्हाईत. दुसरा अर्ज लिहून सोबत पाठवते, शुद्ध आहे, तेवढ्यावर भागव. प्रकल्पाचं कुणाला सांगू नको. मी नापास झाले तर अम्मी-अब्बांचं काय? मी कमवीन तवाच ते लाईनवरनं सुटतील.

राबिया

*

शिरूर, २६ जुलै २००३

राबिया,

तुझा शुद्ध अर्ज परत. हौसराव म्हनले, "कागद बोलत न्हाई, मानूस पाहिजे." शिवाय त्यात तू 'कारकुनाच्या नजरचुकीने' लिवलंयस. हौसरावांचा राग हाय मला, पन तुझं पाप त्यांच्या खात्यात कशाला?

तुझ्या पत्रात चार ठिकाणी 'न्हाई' आन् 'हाय' आन् 'तवा' आलंय. गोल केलं न्हाई. पहिल्यांदाच मला वाटलं, हे पत्र हिनं सवता लिवलंय.

माझी अम्मी कधी यार्डातनं सुटंल, हे तू लिवलं न्हाईस.

दौंडवरनं न्हावरामार्गे येनारी यष्टी साडेदहाला पोचती. ३० तारखेला मी डेपोत उभी राहीन. आली न्हाईस तर मी मॅडमला पत्र टाईप करनार. बोलायला लाजती मी. टाईप करायला न्हाई.

सबा

*

शिरूर, १ ऑगस्ट २००३

राबिया,

तू आलीस ते मला म्हाईत हाय, मी तिथंच हुते. पन तू जे बघितलं न्हाईस ते लिवती, कारन तू सगळा वेळ खाली बघत हुतीस.

मामूंना हेडमास्तरांनी अर्ज वाचून दाखवला तवा मामू पहिल्यांदा हसले. म्हनले, "न्हाई न्हाई साहेब, ह्यो दुसरा कागद हाय. आमचा रजेचा होता." मंग सही दाखवली. मामूंनी सहीवर बोट ठेवलं, आन् तुझ्याकडं बघितलं. रुळाला तडा दिसला की गँगवाले बघत्यात तसं. तू तवा पेनचं टोपन घालत-काढत हुतीस.

हेडमास्तर म्हनले, "लिहा, ताई. तुम्ही तर डी.एड.ला आहात." तू लिवलंस, 'सदर विवाह खोटा असून तो मी लिवला होता.' लिवला! हेडमास्तरांनी बघितलं, तसंच राहू दिलं. मी बी. लाल पेन माझ्या पिशवीत हुतं.

मंग हौसरावांनी नवा दाखला घेतला. "आता कारण काय लिहू? यादीतलं एक सांगा. गरिबी लिहू? का सतत गैरहजर?"

अम्मी माझ्याकडं बघत हुती, मामू भिंतीकडं, तू जमिनीकडं.

मी म्हनलं, "मामाच्या घरी काम."

हौसरावांचं पेन थांबलं. "आरं, हिला वाचा हाय की! पन पोरी, हे यादीत न्हाई."

"मंग यादीत घाला."

आवाज माझाच हुता, पन बारीक न्हवता. शिपाई दारातनं डोकावला. हौसरावांनी 'घरकाम' लिवलं. मी म्हनलं, "मामाच्या घरचं." त्यांनी दोन वळींच्या मधी बारीक अक्षरात ते बी लिवलं. रकाना भरून बाहेर गेला.

डेपोत तू म्हनलीस, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?" मी काय बोलले न्हाई, तुला वाटलं आसंल हिला आवडलं. आवडलं न्हाई. माफ बी केलं न्हाई. मॅडमला पत्र मी टाकलं न्हाई, ते तुझ्यासाठी न्हाई, मामूंसाठी. तू मास्तरीन होशील. पोरी शिकवशील. एखादी पोरगी चार दिवस आली न्हाई तर तिच्या अर्जाचं अक्षर नीट बघ, मामाचं हाय का मामेबहिनीचं.

काल, ३१ तारखेला, सतरा नंबरचा फॉर्म घेतला. त्या बाईनं दाखला वाचला, मधल्या वळीचं बारीक अक्षर वाचायला चष्मा वर केला, आन् पावती फाडली. पावती अम्मीनं रेशनकार्डात ठेवली. आता घरात दीड पुस्तक झालं.

बबनराव सरांनी परवा माझ्या मशीनचा ळ डाग देऊन बसवला. जरा खाली उमटतो, पन उमटतो. ह्या पत्रातला येक बी ळ तुझा न्हाई.

सबा

ता.क. रंगुबाईच्या म्हशीला जुळं झालं. दोन्ही पारड्या. सकाळपासनं ती गल्लीभर चीक वाटत फिरतीया.